मतविभाजनाच्या नोंदी कोडमध्ये आणताना

कायदेमंडळात कोणी कोणत्या बाजूने मत दिलं, ही माहिती आज अनेक देशांत फुकट, सार्वजनिक आणि यंत्राला वाचता येईल अशा रूपात मिळते. छोटीशी स्क्रिप्ट लिहिली की एका दमात शेकडो मतविभाजनं (मोजणी करून घेतलेली मतदानं) उतरवता येतात. खरी मेख पुढे आहे. ते ‘हो’ किंवा ‘नाही’ नेमक्या कोणत्या प्रश्नाला होतं हे जपावं लागतं. तो प्रश्न गाळला, तर उरलेला तक्ता एखाद्या लोकप्रतिनिधीबद्दल धडधडीत खोटं सांगू शकतो, आणि तेही अधिकृत आकड्यांच्या जोरावर.

काम ज्या क्रमाने करावं लागतं त्याच क्रमाने पुढच्या पायऱ्या दिल्या आहेत. एक्सएमएल किंवा जेसन वाचता येणं आणि साधा डेटाबेस हाताळता येणं, एवढी तयारी पुरेशी आहे.

पायरी १: नोंद मुळात होते का, ते पाहा

आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार. बरेचसे निर्णय आवाजी मतदानाने किंवा हात वर करून होतात आणि त्यांत कोणाच्याही नावापुढे काही लिहिलं जात नाही. भारतीय संसदेत पीठासीन अधिकारी आवाजावरून कौल जाहीर करतात. सदस्यांनी त्याला हरकत घेऊन मतविभाजन मागितलं, तरच मोजणी आणि नावं पुढे येतात. घटनादुरुस्तीचं विधेयक संमत करताना मात्र कलम ३६८ प्रमाणे विशेष बहुमत लागतं, म्हणून तिथे मोजणी अटळ असते. जर्मनीच्या बुंडेस्टाग या संसदेतही रोजचं मतदान हात वर करून होतं. नावानिशी मतदान मागणी झाली तरच. युरोपीय संसदेत कितीतरी दुरुस्त्या हात दाखवून निकालात निघतात, पण कायद्यांवरच्या अंतिम मतदानात प्रत्येकाचं मत नोंदलं जातं.

याचा तुमच्या कामावर सरळ परिणाम होतो. हाती येणारा संच म्हणजे त्या सभागृहाने घेतलेले सगळे निर्णय नव्हेत. जिथे वाद झाला, किंवा जिथे नियमानेच मोजणी सक्तीची आहे, तेवढेच निर्णय त्यात आहेत. त्यामुळे ‘या सभागृहात सदस्य क्वचितच एकमत होतात’ असा निष्कर्ष या संचातून काढता येत नाही. एकमताचे निर्णय बहुधा आवाजी मतदानात विरून गेलेले असतात.

कोड लिहिण्याआधी त्या सभागृहाची नियमावली उघडा आणि मतदानाचं प्रकरण वाचा. तीन गोष्टी टिपून ठेवा: नावानिशी मतदान कोण मागू शकतं, तटस्थ राहिल्याची नोंद होते का, आणि पीठासीन अधिकारी मत देतात का. भारतात घटनेच्या कलम १०० नुसार सभापती किंवा अध्यक्ष पहिल्या फेरीत मत देत नाहीत, मतं समसमान झाली तरच निर्णायक मत देतात. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात अध्यक्ष आणि उपाध्यक्ष तटस्थ असल्याने मत देत नाहीत, आणि उत्तर आयर्लंडमधल्या शिन फेन पक्षाचे सदस्य आपल्या जागेवर बसतच नाहीत. हे ठाऊक नसलेला प्रोग्राम या सगळ्यांना ‘शंभर टक्के गैरहजर’ ठरवतो.

पायरी २: मूळ स्रोत गाठा

पहिली पसंती नेहमी सभागृहाच्या स्वतःच्या प्रकाशनाला द्या. दुसऱ्यांनी बांधलेले एपीआय (प्रोग्रामने थेट माहिती मागवण्याची सोय) वापरायला गोड असतात, पण त्यांचं आयुष्य त्या संस्थेच्या पैशावर आणि उत्साहावर अवलंबून असतं. न्यूयॉर्क टाइम्सने २००९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या मतांचा एपीआय सुरू केला, २०१६ मध्ये तो प्रोपब्लिकाकडे गेला आणि पुढे नव्या वापरकर्त्यांना ‘की’ (वापरासाठी लागणारा परवानगी-संकेत) देणंच थांबलं. युरोपीय संसदेची मतं दाखवणारं व्होटवॉच युरोप २०२२ मध्ये बंद झालं. त्यांच्यावर उभारलेल्या प्रकल्पांना दुसरा दरवाजा शोधावा लागला. सभागृहाची मूळ फाइल त्या मानाने जागची हलत नाही.

सुरुवातीला उपयोगी पडतील असे काही स्रोत पाहू.

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचं क्लार्क कार्यालय प्रत्येक मतविभाजनाची एक्सएमएल फाइल ठेवतं. पत्ता अंदाजाने बांधता येतो: क्लार्क डॉट हाउस डॉट गव्ह, मग ‘ईव्हीएस’ फोल्डर, मग वर्ष, मग ‘रोल’ या शब्दाला चिकटून क्रमांक. क्रमांक किमान तीन आकडी ठेवायचा, म्हणजे १ साठी ००१. गजबजलेल्या वर्षी क्रमांक चार आकडीही होतो. २००७ साली हजाराचा टप्पा ओलांडला होता. सिनेटच्या फाइली वेगळ्या संकेतस्थळावर आणि वेगळ्या रचनेत आहेत: नावात काँग्रेसचा, म्हणजे दोन वर्षांच्या कार्यकाळाचा क्रमांक, सत्राचा क्रमांक आणि पाच आकडी मत क्रमांक. सिनेट प्रत्येक सत्राची एक सूची-फाइलही देतं. आधी ती उतरवायची आणि मग त्यातून एकेक मत घ्यायचं.

लायब्ररी ऑफ काँग्रेसचा अधिकृत एपीआय २०२२ पासून आहे. त्याची की फुकट मिळते आणि मर्यादा ताशी ५,००० रिक्वेस्टची. प्रतिनिधिगृहाची मतं त्यात २०२५ मध्ये बीटा स्वरूपात आली. एका पानात मुळात २० नोंदी येतात, मागितल्या तर २५० पर्यंत. नवख्यांची पहिली चूक इथेच होते: पहिलं पान घेतलं, २० मतं मिळाली, आणि ‘या वर्षी २० मतविभाजनं झाली’ असं धरलं.

ब्रिटनमध्ये कॉमन्स आणि लॉर्ड्स यांचे वेगवेगळे मतदान एपीआय आहेत, दोन्ही बिनाकीचे, आणि सदस्यांच्या माहितीचा तिसरा. पोलंडच्या ‘सेम’ या कनिष्ठ सभागृहाचा एपीआय शिकण्यासाठी सर्वांत सोयीचा: की नाही, स्वच्छ जेसन, पत्त्यात कार्यकाळ, बैठक आणि मतदान क्रमांक दिला की ४६० सदस्यांची मतं समोर. फ्रान्सची राष्ट्रीय सभा संपूर्ण कार्यकाळाचा संच एका झिप फाइलमध्ये देते. ब्राझीलच्या प्रतिनिधिगृहाचा एपीआयही खुला आहे. बुंडेस्टाग प्रत्येक नामनिहाय मतदानाची एक्सेल फाइल देतं. त्यात हो, नाही, तटस्थ, अवैध आणि न दिलेलं असे स्तंभ असतात आणि लागू त्या स्तंभात १.

भारतीय संसदेच्या मतविभाजनाच्या याद्या कामकाजाच्या वृत्तांतात, पीडीएफमध्ये सापडतात. इथे मजकूर काढणं, नावं जुळवणं आणि हाताने तपासणं हे काम धरूनच चाला. या कामाला पर्याय नाही आणि ते करणाऱ्याची किंमतही मोठी आहे.

इतिहास हवा असेल तर व्होटव्ह्यू पाहा. १७८९ पासूनची अमेरिकी काँग्रेसची सगळी नोंदलेली मतं तिथे सीएसव्हीमध्ये आहेत. मत शब्दांत नाही, ० ते ९ या संकेतांत आहे: १ म्हणजे हो, ६ म्हणजे नाही, ७ आणि ८ म्हणजे फक्त ‘हजर’, ९ म्हणजे मत दिलं नाही, ० म्हणजे त्या वेळी सदस्यच नव्हता. मधले २ ते ५ जोडी लावलेल्या (विरुद्ध बाजूंच्या दोघांनी ठरवून न दिलेल्या) आणि नुसत्या जाहीर केलेल्या मतांसाठी आहेत. ही यादी न वाचता ‘१ म्हणजे हो, बाकी सगळं नाही’ असं लिहिलं की सव्वादोनशेहून जास्त वर्षांची गैरहजेरी विरोधी मतांत जमा होते.

पायरी ३: एक फाइल उतरवा आणि डोळ्यांनी वाचा

लगेच हजार फाइलींचा लूप लावू नका. प्रतिनिधिगृहाच्या एका मताची फाइल उघडा. वरच्या भागात मतदानाची ओळख असते: काँग्रेस, सत्र, मत क्रमांक, विधेयक क्रमांक, विचारलेला प्रश्न, मताचा प्रकार, निकाल, तारीख, वेळ आणि पक्षनिहाय बेरजा. खालच्या भागात प्रत्येक सदस्यासाठी एक घटक असतो. त्यात नाव, पक्ष, राज्य, ओळख क्रमांक आणि शेवटी मताचा शब्द.

मग मुद्दाम विचित्र फाइली निवडा. जानेवारी २०२३ मधली प्रतिनिधिगृहाच्या अध्यक्षपदाची निवडणूक घ्या. १५ फेऱ्या झाल्या, आणि त्या फाइलींत मताच्या जागी ‘हो’ किंवा ‘नाही’ नसून उमेदवारांची आडनावं आहेत. शेवटच्या फेरीत मॅकार्थी यांना २१६, जेफ्रीज यांना २१२ मतं पडली आणि सहा सदस्य फक्त ‘हजर’ राहिले. बहुमत नाव घेऊन दिलेल्या ४२८ मतांवर मोजलं गेलं, म्हणून २१५ पुरेशी होती. दुसरी फाइल सिनेटची, ऑक्टोबर २०१८ मधली, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांच्या नेमणुकीची. निकाल ५०-४८, आणि सिनेटर मर्कोव्स्की यांच्यापुढे ‘हजर, जोडी देऊन’ असा शब्दप्रयोग. त्यांचा विरोध होता, पण एका अनुपस्थित समर्थक सदस्याच्या गैरहजेरीचा परिणाम निकालावर होऊ नये म्हणून त्यांनी मत रोखलं. अशा दोन-तीन फाइली पार्सरने (फाइल वाचून तिचे भाग सुटे करणाऱ्या कोडने) नीट पचवल्या तर बाकीच्या पचतात.

पार्सरला एक शिस्त लावा: अनोळखी शब्द आला की थांबायचं आणि ओरडायचं. ‘बाकी सगळं गैरहजर’ अशी पळवाट ठेवली तर चूक कधीच दिसणार नाही. तसंच, उतरलेली फाइल खरोखर एक्सएमएल आहे का हे तिच्या मूळ घटकाच्या नावावरून तपासा. काही सर्व्हर नसलेल्या पानालाही यशाचा २०० संकेत देतात आणि आत एचटीएमएल पाठवतात.

पायरी ४: टेबलं आखा

चार टेबलं पुरतात. ‘मतदान’ म्हणजे एक मतविभाजन: सभागृह, कार्यकाळ, सत्र, क्रमांक, प्रश्नाचा मूळ मजकूर, विधेयक, लागणाऱ्या बहुमताचा प्रकार, जाहीर निकाल, जाहीर बेरजा, वेळ आणि मूळ फाइलचा पत्ता. ‘मत’ म्हणजे त्या मतविभाजनात एका सदस्याने दिलेलं मत. ‘सदस्य’ म्हणजे माणूस. ‘सदस्यत्व’ म्हणजे तो माणूस कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या जागेवर आणि कोणत्या पक्षात होता.

‘मत’ टेबलात दोन स्तंभ ठेवा: स्रोतात जसा होता तसा मूळ शब्द, आणि तुम्ही ठरवलेला समान शब्द. फक्त समान शब्द ठेवला तर उद्या वर्गवारी चुकली असं कळल्यावर सगळं पुन्हा उतरवावं लागतं. पॉपोलो नावाचं खुलं मानक आहे; त्यातली मतदान, प्रस्ताव, मत आणि मोजणी यांची विभागणी उचलली तर इतरांच्या साधनांशी जुळवून घेणं सोपं जातं.

प्राथमिक की ठरवताना फक्त मत क्रमांकावर विसंबू नका. प्रतिनिधिगृहात आणि सिनेटमध्ये प्रत्येक सत्रात क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतो, कॉमन्समध्येही. ‘मत क्रमांक ४२’ नावाची डझनावारी मतं असतात. म्हणून सभागृह, कार्यकाळ, सत्र आणि क्रमांक मिळून की करा. ब्रिटनचा एपीआय स्वतःचा वेगळा, पुन्हा न येणारा ओळख क्रमांकही देतो. तो असेल तर तोच वापरा.

वेळेबाबत थोडक्यात: प्रतिनिधिगृहाच्या फाइलीत तारीख ‘दिवस-महिन्याचं लघुरूप-वर्ष’ अशी आणि वेळ वॉशिंग्टनची, सिनेटच्या फाइलीत तारीख पूर्ण शब्दांत. दोन्ही एकाच रूपात आणा, पण स्थानिक वेळ आणि टाइम झोन दोन्ही जपा. रात्री उशिरा चाललेल्या कामकाजात दिनांक उलटतो: अध्यक्षपदाची ती पंधरावी फेरी मध्यरात्र उलटून ७ जानेवारी लागल्यावर संपली. वेळ यूटीसीत बदलून मग तारीख काढली तर मोठा भाग दुसऱ्याच दिवशी जाऊन पडतो.

पायरी ५: मतांचे शब्द एका साच्यात बसवा

प्रतिनिधिगृहात काही मतांत ‘ये’ आणि ‘ने’, तर काहींत ‘आय’ आणि ‘नो’ असे शब्द येतात. मतदान कोणत्या नियमाखाली मागितलं त्यावर ते ठरतं, अर्थ एकच. लॉर्ड्समध्ये ‘कंटेंट’ आणि ‘नॉट कंटेंट’. युरोपीय संसदेत बाजूने, विरोधात आणि तटस्थ असे तीन गट. हे जुळवणं सोपं.

अवघड असतं ते मत न देणं. किमान चार वेगळ्या अवस्था आहेत आणि त्या एकत्र केल्या की माहिती कायमची जाते. पहिली, सदस्य हजर होता आणि त्याने तटस्थ असं नोंदवलं. दुसरी, हजर होता पण मत नोंदवलं नाही. तिसरी, गैरहजर होता. चौथी, त्या दिवशी तो सदस्यच नव्हता. पोलंडच्या नोंदीत तटस्थ आणि गैरहजर हे वेगवेगळे शब्द आहेत. शिवाय यादीतून निवड करायची असते तेव्हा फक्त ‘वैध मत’ असा शब्द येतो, त्याला हो-नाही लावायचं नाही. कॉमन्समध्ये मात्र तटस्थतेची सोयच नाही. मत न देणारा आजारी होता, परदेशी होता की मुद्दाम बाहेर बसला, हे नोंदीतून कळत नाही. तिथे सदस्य ‘हो’ किंवा ‘नाही’च्या दालनातून चालत जाऊन मत देतात, आणि काही सदस्य दोन्ही दालनांतून जाऊन दोन्ही बाजूंना मत नोंदवतात. त्यांचं नाव दोन्ही याद्यांत येतं आणि ‘एका सदस्याचं एकच मत’ ही तुमची डेटाबेस-अट मोडते. ती अट तिथे सैल ठेवा.

कॉमन्समध्ये आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा फसवते. प्रत्येक बाजूचे दोन सदस्य मोजणीदार असतात. त्यांची बाजू माहीत असते, पण जाहीर आकड्यांत ते मोजले जात नाहीत. एपीआय त्यांना वेगळ्या यादीत देतो. सदस्याचा कल दाखवताना मोजणीदारांना त्यांच्या बाजूला धरा, एकूण बेरीज करताना वगळा. एकच नियम दोन्हीकडे लावला की कुठेतरी दोनाचा फरक येतो आणि दिवसभर पार्सरवर संशय घेत बसावं लागतं.

पायरी ६: माणूस ओळखा, नाव नव्हे

नावावरून जोडणी करू नका. आडनावं सारखी असतात, लग्नानंतर बदलतात, उच्चारचिन्हं एका फाइलीत असतात आणि दुसरीत नसतात. प्रतिनिधिगृहाच्या एक्सएमएलमध्ये बायोगाइड क्रमांक असतो: एक अक्षर आणि सहा आकडे. सिनेटच्या एक्सएमएलमध्ये तो नाही. तिथे एलआयएस क्रमांक आहे. व्होटव्ह्यू तिसराच, आयसीपीएसआर क्रमांक वापरतं, आणि पक्ष बदललेल्या सदस्याला तिथे नवा क्रमांक दिलेला आढळतो. म्हणजे एकच माणूस दोन ओळींत.

या सगळ्यांची सांगड घालणारी फाइल स्वयंसेवकांनी तयार ठेवली आहे. गिटहबवर ‘युनायटेड स्टेट्स’ या नावाखालच्या ‘काँग्रेस-लेजिस्लेटर्स’ प्रकल्पात प्रत्येक सदस्याचे सगळे ओळख क्रमांक आणि कार्यकाळ यामल रूपात आहेत, तेही सर्व हक्क सोडून. अमेरिकेचं काम करत असाल तर हीच पहिली फाइल उतरवा. इतर देशांसाठी विकिडेटाचा क्रमांक सामायिक दुवा म्हणून चालतो, पण प्राथमिक की सभागृहाचीच ठेवा.

पक्षाचा स्तंभ ‘सदस्य’ टेबलात टाकायचा मोह आवरा. अमेरिकेच्या तत्कालीन सिनेटर किर्स्टन सिनेमा यांनी डिसेंबर २०२२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्ष सोडून अपक्ष असल्याचं जाहीर केलं. आजचा पक्ष मागच्या सगळ्या मतांना लावला तर त्यांची त्याआधीची मतं अपक्षाची दिसतील. मताच्या दिवशी जो पक्ष होता तोच मताला जोडा. बहुतेक मूळ फाइली तो देतातच.

पायरी ७: प्रश्न काय होता, ते जपा

बहुतेक सार्वजनिक चुका इथे होतात. विधेयकाशी जोडलेलं प्रत्येक ‘हो’ म्हणजे विधेयकाला पाठिंबा नसतो. विधेयक समितीकडे परत पाठवण्याच्या प्रस्तावाला ‘हो’ म्हणजे बहुधा विधेयकाला विरोध. दुरुस्ती बाजूला सारण्याच्या प्रस्तावाला ‘हो’ म्हणजे दुरुस्तीला नकार. चर्चा थांबवण्याचा प्रस्ताव, नियमांचा प्रस्ताव, दुरुस्ती, अंतिम मंजुरी: एकाच विधेयकावर अशी दहा मतं सहज असतात. म्हणून प्रश्नाचा मूळ मजकूर शब्दशः साठवा आणि वाचकाला दाखवतानाही तोच आधी दाखवा. ‘बाजूने’ आणि ‘विरोधात’ ही लेबलं विधेयकाला न लावता प्रश्नाला लावा.

काही मतं तर डावपेच म्हणून दिलेली असतात. सिनेटमध्ये चर्चा संपवण्याचा प्रस्ताव पडणार असं दिसलं की बहुमताचे नेते स्वतःचं मत ‘नाही’कडे वळवतात, कारण हरलेल्या बाजूने मत दिलेल्या सदस्याला फेरविचाराचा प्रस्ताव मांडता येत नाही. तक्त्यात ते आपल्याच विधेयकाविरुद्ध दिसतात. हे यंत्राला आपोआप ओळखता येणार नाही; पण अशा मतांवर टीप जोडता येईल असा स्तंभ ठेवता येतो.

निकाल कधीही स्वतः काढू नका. ‘हो’ जास्त म्हणजे मंजूर, हे सूत्र सगळीकडे चालत नाही. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रतिनिधिगृहात एच.आर. ९४९५ या विधेयकाला २५६ विरुद्ध १४५ मतं पडली आणि ते नामंजूर झालं, कारण नियम बाजूला ठेवून ते आणलं होतं आणि त्याला दोन तृतीयांश लागत होते. ४०१ चे दोन तृतीयांश २६७ हून थोडे जास्त होतात. त्याच महिन्यात ते नेहमीच्या मार्गाने पुन्हा आलं आणि साध्या बहुमताने संमत झालं. फाइलीत मताच्या प्रकारासमोर दोन तृतीयांश असं लिहिलेलं असतं. ते वाचा आणि निकालाचा शब्द जाहीर झाला तसाच घ्या.

भारतातलं उदाहरण बोलकं आहे. १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत एकत्रित निवडणुकांसाठीचं १२९ वी घटनादुरुस्ती विधेयक मांडण्यावर मतविभाजन झालं: २६९ बाजूने, १९८ विरोधात. एकूण ४६७ च्या दोन तृतीयांशांसाठी किमान ३१२ मतं लागतात, म्हणून ‘विधेयकाला आवश्यक बहुमत मिळालं नाही’ अशी चर्चा झाली. पण प्रश्न विधेयक मांडू द्यावं का, एवढाच होता, आणि त्याला साधं बहुमत पुरतं. विशेष बहुमत संमतीच्या वेळी लागतं. तुमच्या टेबलात ‘प्रश्न’ आणि ‘लागणारं बहुमत’ हे दोन स्तंभ असतील तर असा घोळ होत नाही.

लागणारं बहुमत साठवताना छेदही लिहा. हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश आणि एकूण सदस्यसंख्येचं बहुमत या वेगळ्या गोष्टी आहेत. कलम ३६८ ला दोन्ही एकदम लागतात. सिनेटमध्ये विधेयकावरची चर्चा संपवायला निवडून आलेल्या सदस्यांचे तीन पंचमांश, म्हणजे सगळ्या जागा भरलेल्या असताना ६० मतं हवीत, म्हणून तिथे गैरहजेरीचा परिणाम विरोधी मतासारखाच होतो.

पायरी ८: ताळा करा

प्रत्येक फाइल डेटाबेसमध्ये गेली की सदस्यांच्या ओळी मोजा आणि जाहीर बेरजेशी ताडून पाहा. जुळलं नाही तर ओळ तशीच ठेवून ‘तपासणी हवी’ अशी खूण करा. आकडा जुळवण्यासाठी नोंद पुसू नका.

तफावतीची नेहमीची कारणं ठरलेली आहेत. ब्रिटनमध्ये मोजणीदार. सिनेटमध्ये ५०-५० झाल्यावर देशाच्या उपाध्यक्षांचं निर्णायक मत, जे सदस्यांच्या यादीत नसतं, फाइलीत त्याचा वेगळा घटक असतो. प्रतिनिधिगृह समितीच्या रूपात बसतं तेव्हा, त्या काँग्रेसच्या नियमांनी मुभा दिली असेल तर, राजधानी वॉशिंग्टन आणि बेटांच्या प्रदेशांचे प्रतिनिधीही मत देतात. म्हणून ४३५ पेक्षा जास्त नावं आली तर पार्सर बिघडला असं समजू नका. रिकाम्या जागांमुळे उलटंही होतं.

आणि दुरुस्त्या. लोकसभेच्या वर सांगितलेल्या मतदानात यंत्राने आधी २२० विरुद्ध १४९ असा आकडा दाखवला होता. चिठ्ठ्यांवरची मतं धरल्यावर तो २६९ आणि १९८ झाला. लोकसभेत निकाल ‘दुरुस्तीच्या अधीन’ असं म्हणूनच वाचला जातो. थेट प्रक्षेपणातल्या फलकावरून आकडा उचलणारा इथे हमखास फसतो. फ्रान्समध्ये आणि युरोपीय संसदेत सदस्य नंतर ‘मला असं मत द्यायचं होतं’ असं नोंदवू शकतात. ते प्रसिद्ध होतं, पण निकाल बदलत नाही. त्यासाठी स्वतंत्र स्तंभ ठेवा आणि मूळ मतावर कधीही लिहू नका.

पायरी ९: रोजचं उतरवणं

मूळ फाइल जशीच्या तशी, उतरवल्याच्या वेळेसह साठवा. जागा फार लागत नाही, आणि पार्सरमधली चूक सहा महिन्यांनी सापडली तरी सर्व्हरला त्रास न देता सगळं पुन्हा वाचता येतं.

एका वेळी एकच रिक्वेस्ट, मध्ये सेकंदभर विश्रांती. यूजर-एजंटमध्ये (रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या ओळखीत) प्रकल्पाचं नाव आणि संपर्काचा पत्ता द्या. ४२९ (फार रिक्वेस्ट झाल्या) असा संकेत आला तर ‘किती वेळाने या’ हे सांगणारा हेडर वाचून तेवढं थांबा. फाइल बदलली असेल तरच पाठवा असं सांगणारे सशर्त हेडर वापरा. संपूर्ण संच एका झिपमध्ये मिळत असेल तर एपीआयला हजारो हाका मारू नका.

नवीन मतं रोज, आणि गेल्या तीस दिवसांची मतं पुन्हा एकदा, असा क्रम ठेवला की उशिरा झालेल्या दुरुस्त्या सापडतात. सिनेटच्या फाइलीत शेवटचा बदल कधी झाला याची तारीख असते. इतरत्र फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) काढून जुन्याशी ताडा; फरक असेल तर जुनी प्रत ठेवून नवी जोडा.

पायरी १०: लोकांसमोर मांडताना

परवाना आधी वाचा. अमेरिकी संघराज्य सरकारच्या कामावर तिथल्या कायद्याने कॉपीराइट नाही. ब्रिटिश संसदेची माहिती ओपन पार्लमेंट लायसन्सखाली येते आणि स्रोताचा उल्लेख सक्तीचा आहे. बाकीच्यांचं ज्याचं त्याचं.

हजेरीची टक्केवारी काढताना छेदात फक्त त्या सदस्याच्या कार्यकाळातली मतं धरा. पोटनिवडणुकीत आलेल्याला आधीच्या दोन वर्षांची गैरहजेरी लावणं हा अन्याय आहे. नियमाने मत न देणाऱ्यांना या तक्त्यातून वगळा. कॉमन्समध्ये दुसऱ्या सदस्यामार्फत मत देण्याची सोय २०१९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, म्हणून मत नोंदलं गेलं म्हणजे सदस्य त्या दिवशी सभागृहात होता असंही नाही. त्या स्तंभाला ‘हजेरी’ न म्हणता ‘मत नोंदवल्याचं प्रमाण’ म्हणा.

पक्षनिष्ठेचा आकडा काढताना जवळपास एकमताने झालेली मतं गाळा, नाहीतर सगळेच ९५ टक्क्यांच्या वर दिसतात. जिथे पक्षादेश मोडल्यास जागा जाऊ शकते, जसं भारतात १९८५ च्या दहाव्या परिशिष्टापासून आहे, तिथे हा आकडा सदस्याच्या मतापेक्षा पक्षाच्या आदेशाबद्दल जास्त सांगतो, आणि हे त्याच पानावर लिहिलेलं असावं.

प्रत्येक मताच्या पानावर प्रश्नाचा मूळ मजकूर, मूळ फाइलचा दुवा आणि उतरवल्याची तारीख दाखवा. ‘माझं मत चुकीचं दाखवलंय’ अशी तक्रार आली तर आधी साठवलेली प्रत पाहा, मग ताजी फाइल उतरवून दोन्ही ताडा. फरक मूळ फाइलीत असेल तर नवी प्रत जोडून बदलाची तारीख पानावर लिहा. मूळ फाइलच चुकीची असेल तर ती दुरुस्त करणं सभागृहाच्या सचिवालयाचं काम आहे. तक्रारदाराला तिकडे पाठवा, आणि दुरुस्ती प्रसिद्ध होईपर्यंत तुमच्या नोंदीला हात लावू नका.